सात नंबरचे एकेचाळीस गुण

२३ एप्रिल १९९९, शुक्रवार. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून आठवडाभराची साठलेली कामं मी त्या दिवशी काढते. त्या शुक्रवारी साडीला फॉल लावायचा होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीच्या हॉलमध्ये माझा सत्कार होता आणि फॉल लावणाऱ्या बाईंनी "लग्नसराई आहे, सोमवारी या" म्हणून हात वर केले होते. सुई मलाही धरता येते. दुपारची जेवणं उरकून मी सतरंजीवर बसले.

बहिणीची मुलगी परीक्षा संपवून माझ्याकडे राहायला आली होती. दहा वर्षांची. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाही, भेळेचा कागदसुद्धा. ती पालथी पडून सत्काराची पत्रिका वाचत होती.

"'एका सामन्यात एकेचाळीस गुणांचा, आजही अबाधित असलेला विक्रम.' मावशी, अबाधित म्हणजे?"

"कुणी मोडला नाही असा."

"तू एवढी भारी खेळायचीस?"

"पदरावरून ऊठ, सुई लागेल."

"आणि आई?"

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, मी नुसती बघायला जायचे. ताईच्या चपला सांभाळायला."

मी दोरा दातांनी तोडला. अजून हातभर फॉल लावायचा बाकी होता, तरी तोडला.

चपला मी सांभाळल्या होत्या, तिच्या. आणि विक्रमही तिचाच होता. बहिणीने पोरीला उलटं का सांगितलं तेही मला कळत होतं. पोर बडबडी आहे, कुठेतरी बोलून बसली तर ताईची नोकरी अडचणीत यायची. पण स्वतःच्या मुलीला असं सांगायचं म्हणजे काय, ते त्या सतरंजीवर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा नीट कळलं.

सुरुवातीपासून सांगते.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, वडिलांच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. वसाहतीच्या टोकाला सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं आणि शाळेतले एक सर संध्याकाळी मुलींना शिकवायचे. मी बहिणीपेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी आधी जायला लागले, ती माझ्यामागे आली. आम्ही दोघीही गार्ड. म्हणजे उंच मुली रिंगखाली उभ्या राहणार आणि आम्ही चेंडू वर आणणार. माझं काम चेंडू न हरवता पुढे नेणं आणि योग्य वेळी देणं. ते मी बरं करायचे. तिचं काम तिने स्वतःच ठरवलं.

ती धावत यायची, दोन पावलं टाकायची आणि वर जायची. वर जाणाऱ्या पुष्कळ असतात. पण बाकीच्या खाली यायला लागल्या तरी ही अजून वर असायची. तिची उंची पाच फूट पाच इंच, अंगकाठी पापडासारखी. पहिल्यांदा पाहणारे आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. मी तिला पास दिला तो छातीशी आला की ती चिडायची. "ताई, मी तिथे नसणारे. वर दे." म्हणजे जिथे कुणीच नाही अशा रिकाम्या हवेत चेंडू टाकायचा आणि ती येईल असं धरून चालायचं. मी स्वभावाने तशी नाही. भाजीसुद्धा उलटसुलट करून घेते. पण तिथे टाकायला शिकले. चेंडू हातातून सुटला आणि वर तिचा हात आला की माझं काम झालं. त्यानंतरचं फक्त बघायचं.

सरांना तिची उडी मोजायची होती. त्यांनी तिच्या बोटांना खडू लावला आणि उडी मारून रिंगमागच्या फळ्याला हात लावायला सांगितलं. पांढऱ्या फळ्यावर पांढरा खडू, दिसणार काय? दुसऱ्या दिवशी तिने घरून आईच्या काजळाची डबी आणली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बोटांना काजळ लावून उडी मारायची असा नेमच झाला. पहिली बोटं फळ्याच्या खालच्या कडेवर होती. मग चार बोटं वर. सतराव्या वर्षी वीतभर वर, म्हणजे रिंगला फक्त चार बोटं कमी. आई ओरडायची, "डोळ्यांत घालायचं काजळ फळ्याला घालतेय! फळ्याला नजर लागणारे का?"

१९८२च्या डिसेंबरात जिल्ह्याची स्पर्धा होती. आमच्या संघाला पहिल्यांदाच नवे शर्ट मिळाले. सर आणि मी उल्हासनगरच्या कॅम्पातून ते शिवून आणले. पिवळे शर्ट, पाठीवर काळे नंबर. दुकानदाराने गठ्ठा बांधताना बजावलं, "देखो बेटी, नंबर रेक्झिन का है, इस्त्री से चिपकाया है. धोना मत. पसीना आया तो पंखे के नीचे सुखा दो."

"और धोया तो?"

"तो नंबर गया नाली में. फिर मेरे पास मत आना."

मी घरी येऊन सांगितलं. बहिणीने ऐकलं नसावं, आणि आईने ऐकूनही सोडून दिलं. घामाचा कपडा न धुता दोरीवर टाकणं तिच्या घरात बसतच नव्हतं. उपान्त्य सामना आम्ही जिंकलो. त्यात माझा घोटा मुरगळला. घरी आल्यावर मी माझा सात नंबरचा शर्ट खुंटीला टांगला. बहिणीने तिचा अकरा नंबरचा मोरीत टाकला. पहाटे आईने तो सोड्यात भिजवून दगडावर धोपटण्याने बडवला, पिळून वाळत घातला आणि घडी करून पिशवीत ठेवला. आम्ही पिशवी उघडली ती शहाडला, अंतिम सामन्याच्या मैदानावर. अकरातला एक एकडा गेला होता.

तेव्हाच्या नियमात शर्टावर चार ते पंधरा एवढेच नंबर चालायचे. पंचांनी तिला कडेला थांबवलं.

"एक नंबर चालणार नाही."

"अकरा आहे सर," बहीण म्हणाली.

"दुसरा एक कुठाय?"

"आईने आपटला."

आमचे सर हसले नाहीत. समोर ठाण्याचा उंच मुलींचा संघ, मी जायबंदी, आणि आता ही बाहेर. खेळाडूंची यादी टेबलावर देऊन झाली होती. गुणलेखक बाहेरगावचे, आम्हाला चेहऱ्याने ओळखत नव्हते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने मी माझा शर्ट अंगात घालून आले होते.

"काढ तो," सर मला म्हणाले. मग बहिणीला म्हणाले, "सात घाल. आज तू तुझी ताई आहेस. अकरा नंबर गैरहजर."

मी मैदानाशेजारच्या शाळेच्या खोलीत शर्ट बदलला. तो तिला ढगळ झाला, कमरेशी गाठ मारावी लागली. बूटही माझे घातले तिने, तिच्या बुटांचा तळ सुटला होता. मी तिच्या चपला मांडीशी घेऊन बाकावर बसले.

त्या सामन्याबद्दल लोक मला पुढे सोळा वर्षं विचारत आले. मी जे पाहिलं ते आता एकदाच लिहिते. पहिल्या पाच मिनिटांत ठाण्याच्या मुलींनी तिला एकेकटीने अडवून पाहिलं. मग दोघींनी, आणि मध्यंतरानंतर तिघींनी. ती त्यांच्यामधून जायची नाही, वरून जायची. एकदा तर तिने चेंडू टाकला तेव्हा अडवायला आलेली मुलगी खाली येऊन पुन्हा उडायच्या तयारीत होती. वीस बास्केट आणि एक फ्री थ्रो. प्रत्येक वेळी टेबलावरून आवाज यायचा, "सात नंबर, दोन गुण." आमच्या बाकावरच्या मुली माझ्या पाठीवर थापा मारायच्या. माझ्या, कारण सात नंबर माझा. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण पूर्ण वेळ माझे हात शिवशिवत होते. तिला पास देणारी मुलगी चेंडू छातीशी देत होती. ती खाली वाकून घ्यायची आणि मग वर जायची. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं, वर दे, ती तिथे येते. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना, आणि त्यात माझा एकही पास नाही.

संपल्यावर नळावर तोंड धुताना ती म्हणाली, "ताई, काय खेळलीस गं आज!" आम्ही इतक्या हसलो की नळ बंद करायचा राहिला.

आत्ता सांगितलं तर कप जाईल, असं सर म्हणाले, आणि ते खरं होतं. दुसरीच्या नावाने खेळाडू उतरवला तर संघच बाद झाला असता. दहा मुलींचा कप होता तो. आम्ही गप्प बसलो. त्यात पुढे काही अडेल असं कुणालाच वाटलं नाही.

दीड महिन्याने औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना महिलांचा संघ उभा करायचा होता. जिल्हा स्पर्धेतल्या सामन्यांच्या गुणपत्रिका मागवून त्यांनी नावं काढली होती. कायमची नोकरी, दिवसाचं काम, संध्याकाळी सराव. पाकिटावर माझं नाव होतं.

वडिलांच्या कारखान्यात तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस काम मिळत होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "नाव कुणाचं का असेना, घरात नोकरी आली."

"पण उडी तर हिची ना?" आई म्हणाली. त्यानंतर ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नुसती तिथे उभी राहिली.

बहिणीने मात्र लगेच सोडवून टाकलं. "मला कुठे अठरा झालीत? बारावी आहे. ताई, तू जा. पुढच्या वर्षी मी माझ्या नावाने येते. मग दोघी एका संघात. तू वर दे, मी येते."

मी गेले. डिस्पॅचमध्ये टेबल मिळालं. संघात मी बरी होते, बरी म्हणजे नुसती बरी. व्यवस्थापक सरावाला येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "बाई, ती शहाडची उडी कुठे गेली हो?"

"घोटा," मी सांगायचे.

पुढच्या वर्षी निवड चाचणी झाली. बहीण स्वतःच्या नावाने आली. तिची पहिली उडी पाहून लोडिंगवाले कामगार ट्रकवरून उतरून जाळीला येऊन चिकटले. व्यवस्थापकांचा चेहरा असा झाला जसा काही त्यांना हरवलेली वस्तू सापडली. त्यांनी तिथेच अर्ज मागवला, नाव वाचलं, पत्ता वाचला.

"ही तुमची कोण?"

"धाकटी बहीण," मी म्हणाले.

"अरेरे." त्यांनी अर्ज घडी करून परत दिला. "एका घरातून एकच. युनियनशी तसं ठरलंय. नाहीतर रोज एकेकाचा मेहुणा उभा राहील इथे. आधी माहीत असतं तर..."

मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी तेव्हा राजीनामा देऊन तिला वाट करून द्यायला हवी होती का? विचार केला होता. पण वडिलांचा कारखाना तोवर पूर्ण बंद पडला होता, माझी जागा तिलाच मिळेल याची लेखी खात्री कुणी देत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सरावाला आलेले अधिकारी गुणपत्रिकेची चौकशी करतील याची मला भीती होती. नाही दिला राजीनामा. इथे वेगळं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

घरी परतताना ती म्हणाली, "जाऊ दे ना ताई. त्यांना तरी नीट पास दे."

तिची कारकीर्द म्हणतात ती त्यानंतर झाली. पाच वर्षं ती पाहुणी खेळाडू म्हणून खेळली. ज्या संघाला एक खेळाडू कमी पडे तो तिला बोलावून न्यायचा. कल्याण, ठाणे, पुणे, एकदा थेट नागपूर. प्रवासभाडं आणि जेवण. दर वेळी शर्ट वेगळा, नंबर वेगळा. वर्तमानपत्रात तिचा एक फोटो आला होता. हवेत होती, खाली बाकीच्यांची डोकी. फोटोखाली दुसऱ्याच मुलीचं नाव छापलं होतं. ती फोटो घेऊन माझ्याकडे आली. "बघ, मला सवयच आहे."

मी संधी मिळेल तेव्हा बघायला जायचे. तिला वर पास देणारी मुलगी मला एकाही संघात दिसली नाही. की मी बघायचेच तसं, माहीत नाही.

१९८८मध्ये तिचं बदलापूरला, कुळगावात लग्न झालं. माणसं चांगली. खेळ बंद करा असं कुणी म्हटलं नाही, पण तिकडे मैदान नव्हतं आणि मग मुलगी झाली. अंगणात सासऱ्यांनी कपड्यांची दोरी त्यांच्या उंचीच्या मानाने बांधलेली. सासू स्टुलावर चढून कपडे घालायची. ही खालूनच उडी मारून चादर टाकायची. सासूबाई मला कौतुकाने सांगायच्या, "तुमच्या बहिणीला स्टुलाची ॲलर्जी आहे."

मीही पुढे खेळणं सोडलं, नोकरी राहिली. कंपनीच्या हॉलमध्ये लाकडी फलक लावला गेला, त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव आणि एकेचाळीस हा आकडा. त्या फलकाखालच्या टेबलावर मी रोज डबा खायचे. वसाहतीतलं मैदान मोडलं तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले. जुना फळा कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावला होता. वाकून पाहिलं. काजळाची बोटं पावसात कधीच धुऊन गेली होती.

मला काय हवं असतं ते सांगते. सत्कार नको, फलक नको. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ऊन उतरलेलं असताना, सिमेंटवर चेंडू आपटत मी येतेय आणि उजवीकडून तिच्या बुटांचा आवाज. मी न बघता चेंडू वर टाकते. तो एक क्षण, चेंडू सुटलाय आणि हात अजून आलेला नाही. स्वयंपाक करताना, ऑफिसात शिक्के मारताना, हा क्षण मला कितीदा तरी येतो. हात येतो तिथपर्यंत मी पोचतच नाही, तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं.

तर त्या शुक्रवारी फॉल तसाच टाकून मी कागद घेतला आणि चार ओळींचा अर्ज लिहिला. सदर विक्रम माझा नसून माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, त्या दिवशी तिने माझा शर्ट घातला होता, मी बाकावर बसले होते, होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार आहे. सर वारले होते आणि त्या संघातल्या कुणाला आता कपाशी देणंघेणं नव्हतं, तेव्हा आड येणारी मी एकटीच होते. यजमानांना दाखवला. ते म्हणाले, "नोकरीचं काय?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे उद्या आठ वाजता देते. अकरापर्यंत ठेवला तर माझा मी फाडून टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी भाचीला घेऊन कंपनीच्या गेटवर होते. कार्मिक अधिकारी तरुण होते, नुकतेच आलेले. त्यांनी अर्ज वाचला, घड्याळ पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला.

"मॅडम, अकराला कार्यक्रम आहे!"

"म्हणूनच आठला आले."

"शाल कुणाला घालायची मग?"

"जिची आहे तिला. मी घेऊन येते."

"आणि तुमचं काय करायचं?"

"ते तुम्ही सोमवारी ठरवा."

भाची दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. बदलापूरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडलं असेल. बहीण अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिच्या हातातला टॉवेल बादलीत पडला.

"तू इथे काय करतेस? सत्कार आहे ना तुझा?"

"तुझा आहे. अर्ज दिला मी कंपनीत. सगळं लिहून."

"वेडी आहेस का? सोळा वर्षांची नोकरी! आधी मला विचारायचं तरी."

"तेव्हा तरी तुला कुणी विचारलं होतं? मी न विचारता घेतलं, न विचारता परत करतेय. चल, आवर."

भाची एकदा तिच्याकडे, एकदा वरच्या दोरीकडे बघत होती.

"आई, म्हणून तू स्टूल घेत नाहीस?"

बहिणीने तोंड फिरवलं आणि बादलीतून टॉवेल काढून पिळला. गरजेपेक्षा जास्त पिळला. मग म्हणाली, "नेसू काय मी? माझ्याकडे इस्त्रीची एक नाही."

मी पिशवीतून साडी काढली. "हातभर फॉल लावायचा राहिलाय. पिन लाव."

"ह्यांचा डबा व्हायचाय अजून."

"कणीक कुठाय?"

"मळून ठेवलीय, परातीत."

"जा मग."

ती आंघोळीला गेली. मी पोळपाट पुढे ओढला आणि तिच्या घरच्या पोळ्या लाटायला बसले.